पिकअप घेताय? हायब्रिड की साधं इंजिन, याचा हिशेब

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहता, घरात चौघं. आय-१० वरून ऑफिसची रोजची ये-जा धरून वर्षाला साधारण १५,००० मैल होतात. पुढच्या वर्षी साडेसहा हजार पौंडांचा कॅम्पिंगचा ट्रेलर घ्यायचं मनात आहे. जुलै २०२४ मधल्या बेरिल वादळात घरची वीज गेली होती, त्याचा धसका अजून आहे. यजमान म्हणतात, फोर्डचा मोठा पिकअप एफ-१५० घ्यायचा तर पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन घ्या. तुमचा कल हायब्रिडकडे, म्हणजे पेट्रोल इंजिनाला इलेक्ट्रिक मोटरची जोड असलेल्या ट्रककडे. शेजारी टोयोटा टुंड्राचं नाव घेतात. आणि मैत्रिणीने फोर्डचाच छोटा मॅव्हरिक हायब्रिड घेतल्यापासून तिचं पेट्रोलचं बिल ऐकून तुम्हाला वाटतंय की मोठ्या ट्रकमध्येही तेवढीच बचत होईल.

मी बरीच वर्षं डेट्रॉइट परिसरात ट्रकच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या चाचण्यांचं काम केलं. आता टेक्सासमध्ये छोटं वर्कशॉप चालवतो. त्यामुळे गाडी कागदावर कशी असते आणि पाच वर्षांनी लिफ्टवर चढल्यावर कशी दिसते, दोन्ही बघायला मिळतं.

सरळ उत्तर आधी देतो. तुमच्या वापराला एफ-१५० हायब्रिड योग्य ठरू शकतो, पण पेट्रोल वाचतं म्हणून नाही. मैत्रिणीच्या मॅव्हरिकवरून मोठ्या ट्रकचा अंदाज बांधू नका, कारण दोन्हींवर हायब्रिडची पाटी असली तरी आतली यंत्रं वेगळ्या जातीची आहेत. शोरूममध्ये गेलात की एकच गोष्ट विचारा: मोटर आणि बॅटरी बसवली, त्या बदल्यात गाडीतून काय काढलं?

मॅव्हरिकचं उत्तर फार चांगलं आहे. फोर्डने २०२२ च्या मॉडेलपासून हा छोटा पिकअप आणला. त्याच्या हायब्रिडमध्ये अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन आहे. ते अ‍ॅटकिन्सन पद्धतीने चालतं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) मुद्दाम उशिरा बंद होतो. त्यामुळे ताकद थोडी कमी मिळते, पण तेवढ्याच पेट्रोलमधून काम जास्त निघतं. कमी पडलेली ताकद मोटर भरून काढते. नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाहीच. दोन इलेक्ट्रिक मशीन आणि एक प्लॅनेटरी गिअर सेट यांवर सगळं चालतं. गिअर बदलणारे क्लच नाहीत, घसरणारा बेल्ट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. याच ट्रकच्या बिगर-हायब्रिड मॉडेलमध्ये मात्र दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. म्हणजे मॅव्हरिकमध्ये हायब्रिड घेणारा माणूस कमी गुंतागुंतीची गाडी घेतो, आणि वर ॲव्हरेजही चांगलं मिळतं. ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या) चाचणीत पुढच्या चाकांवर चालणारं हायब्रिड गॅलनला ३७ मैल देतं, टर्बो २६.

तरी ते निर्दोष नाही. याच अडीच लिटर हायब्रिड इंजिनासाठी २०२२ आणि २०२३ मध्ये फोर्डला रिकॉल काढावे, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. इंजिन आतून फुटलं तर तेल आणि पेट्रोलची वाफ तापलेल्या भागांवर जाऊन आग लागण्याचा धोका होता. जुना घेत असाल तर रिकॉलचं काम झालंय की नाही हे व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून तपासा, फुकट तपासता येतं. आणि ओढण्याची मर्यादा सुरुवातीच्या मॉडेलांत फक्त २,००० पौंड होती. २०२५ पासून चारही चाकांवर चालणारं हायब्रिड आलं, टो पॅकेज घेतलं तर ते ४,००० पौंडांपर्यंत जातं. तुमचा ट्रेलर तिथेही बसत नाही. ट्रेलरचा बेत रद्द झाला तर मात्र बाकीचं वाचू नका, मॅव्हरिक हायब्रिड घ्या आणि मोकळ्या व्हा.

आता एफ-१५० चा पॉवरबूस्ट हायब्रिड. हा २०२१ मध्ये आला. यात साडेतीन लिटरचं, दोन टर्बोचं व्ही-६ इंजिन आहे, तेच जे बिगर-हायब्रिडमध्येही मिळतं. मागे तोच दहा गिअरचा ऑटोमॅटिक. या दोघांच्या मध्ये ३५ किलोवॅटची मोटर आणि गाडीच्या पोटाखाली दीड युनिटची लिथियम बॅटरी. काढलं काय? फारसं काही नाही. सगळं आहे तसं ठेवून वर मोटर चढवली. टुंड्राचंही तेच: ३.४ लिटरचं दोन टर्बोंचं इंजिन, दहा गिअर, मध्ये ४८ हॉर्सपॉवरची मोटर, मागच्या सीटखाली निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी. टोयोटाच्याच टॅकोमा पिकअपचा हायब्रिडही त्याच घराण्यातला, फक्त इंजिन चार सिलिंडरचं आणि गिअर आठ. या ट्रकांमध्ये मोटर मुख्यतः जोर वाढवायला आहे. टुंड्राचं साधं इंजिन ४७९ पौंड-फूट टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देतं, हायब्रिड ५८३. ॲव्हरेज मात्र गॅलनमागे एक-दोन मैलच वाढतं. टोयोटाने हे कधी लपवलं नाही, वरच्या महागड्या मॉडेलांत हायब्रिड दिलं ते ताकद म्हणूनच.

दीड युनिट म्हणजे किती, हे एकदा नीट समजून घेऊ, कारण सगळे गैरसमज इथून सुरू होतात. एका गॅलन पेट्रोलमध्ये सुमारे ३३.७ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णता म्हणून वाया घालवतं हे धरलं, तरी भरलेली बॅटरी एका गॅलनच्या सातव्या-आठव्या भागाचं काम करते. तेवढ्यावर हा ट्रक फार तर मैल-दोन मैल हळूहळू जाईल. म्हणजे बॅटरी ही साठवण नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा क्षणभर धरायची आणि पुढच्या सिग्नलला परत द्यायची, एवढंच तिचं काम.

ब्रेक मारताना किती मिळते? माणसांसकट २,६०० किलोचा ट्रक ताशी ६० मैलांवरून थांबला तर त्याच्यात पाव युनिटच्या आसपास गतिज ऊर्जा असते. जोरात, पाच सेकंदांत थांबलात तर ती जवळजवळ १९० किलोवॅटच्या वेगाने बाहेर पडते. मोटर घेऊ शकते ३५. उरलेली ब्रेक पॅड तापवण्यात जाते. तोच ट्रक वीस सेकंद घेऊन थांबवला तर बराचसा भाग बॅटरीत जातो. म्हणून एकाच मॉडेलचे दोन मालक ॲव्हरेजबद्दल टोकाचं वेगळं बोलतात, आणि दोघंही खरं सांगत असतात. पुढचे लाल दिवे दिसताच पाय उचलणाऱ्याचं पेट्रोल वाचतं. शेवटच्या क्षणी ब्रेक दाबणाऱ्याने हायब्रिडसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आता तुमचा हिशेब. ह्यूस्टनला फोर-व्हील-ड्राइव्हची गरज नाही, म्हणून मागच्या चाकांवर चालणाऱ्या २०२१ च्या एफ-१५० चे ईपीए आकडे घेतो. नंतरच्या वर्षांत ते थोडे बदललेत, तुम्ही ज्या गाडीजवळ उभ्या असाल तिचं खिडकीवरचं लेबल बघा. पाच लिटरचा व्ही-८ शहरात गॅलनला १७ मैल, हायवेला २४. छोटं २.७ लिटर टर्बो शहरात २०, हायवेला २६. हायब्रिड शहरात २५, हायवेला २६.

हायवेचे शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. हायवेवर हायब्रिड आणि २.७ टर्बो सारखेच. एका वेगाने पळणाऱ्या गाडीत ब्रेकच लागत नाही, मग मोटरने परत मिळवायचं काय? उलट बॅटरीचं वजन वाहायचं.

वर्षाचे १५,००० मैल सगळे शहरी धरले तर व्ही-८ ला ८८२ गॅलन लागतात, हायब्रिडला ६००. सगळे हायवेचे धरले तर ६२५ आणि ५७७. गॅलनला तीन डॉलर धरा. पहिल्या टोकाला वर्षाला साडेआठशे डॉलर वाचतात, दुसऱ्या टोकाला दीडशेच्याही आत. नेहमीच्या मिश्र वापरात, म्हणजे गॅलनला २० विरुद्ध २५ मैल धरले तर, वर्षाला दीडशे गॅलन, साडेचारशे डॉलर. २.७ टर्बोशी तुलना केली तर अडीचशे डॉलरही वाचत नाहीत. केटी फ्रीवे, म्हणजे तुमचा आय-१०, कागदावर हायवे आहे, पण सकाळी साडेसातला तुम्ही त्याला काय म्हणता ते तुम्हालाच ठाऊक. मुंगीच्या पावलांनी चालणारी गर्दी हायब्रिडच्या पथ्यावर पडते, म्हणून तुमची बचत मधल्या आकड्यापेक्षा थोडी वर जाईल असं मी धरतो. मात्र ऑफिसची वेळ बदलून रिकाम्या रस्त्याने जायला लागलात तर ती खाली येईल.

गॅलनला किती मैल या आकड्यांवर नजर ठेवून निर्णय घेऊ नका, शंभर मैलांना किती गॅलन ते बघा. २० वरून २५ वर जाणं म्हणजे शंभर मैलांना एक गॅलनची बचत. ३७ वरून ४२ वर जाणं, तेवढ्याच पाच मैलांची वाढ, पण शंभर मैलांना एक तृतीयांश गॅलनही वाचत नाही. आपल्याकडे लिटरला किती किलोमीटर हे विचारतात, त्यातही हीच फसगत आहे. जड, पेट्रोलपिती गाडी थोडी सुधारली तरी बचत मोठी होते. म्हणूनच मोठ्या ट्रकला हायब्रिड करणं तत्त्वतः शहाणपणाचं आहे. अडचण अशी की मोठ्या ट्रकमध्ये सुधारणा खरंच थोडीच होते.

हायब्रिडसाठी डीलर किती जास्त मागतो हे मॉडेल आणि महिना यावर ठरतं, म्हणून मी आकडा देत नाही. तुम्हाला मिळालेल्या दोन किमतींमधला फरक वर्षाच्या बचतीने भागा. सात वर्षांच्या आत वसूल होत असेल तर पैशाच्या बाजूने हरकत नाही. केंद्र सरकारची साडेसात हजारांची करसवलत या गाड्यांना कधीच नव्हती, बॅटरी फार छोटी पडायची, आणि ती सवलतही सप्टेंबर २०२५ अखेर संपली. त्यामुळे कुणी त्याचं आमिष दाखवलं तर तिथून उठा.

ट्रेलर. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण लोक इथेच फसतात.

२०२१ च्या जाहिरातीत लिहिलं होतं की पॉवरबूस्ट १२,००० पौंडांहून जास्त ओढतो. तुमचा ट्रेलर ६,५०० चा, म्हणजे निम्म्याच्या आसपास, मग चिंता कसली? चिंता वजन ओढण्याची नाही, वजन पेलण्याची. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर (ट्रेलर जोडायच्या सांध्यावर), म्हणजे ट्रकच्या मागच्या धुरीवर बसतो. १३ टक्के धरले तर ८४५ पौंड. वजन वाटून देणारी हिच स्वतः ८० पौंडांची. ती घ्यावीच लागेल, कारण तिच्याशिवाय एफ-१५० च्या रिसीव्हरची मर्यादा ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि हिचवर ५०० पौंडांचा भार एवढीच आहे. तुम्ही चौघं मिळून साधारण ४३५ पौंड. कूलर, खुर्च्या, सायकली, अवजारं, पाणी असं १५० तरी. बेरीज १,५१०.

आता ट्रकचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडा. खांबावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचं टायर आणि लोडिंगचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या एका गाडीचा आहे, मॉडेलचा नाही. पॅनोरामा छत, मोठी चाकं, विजेवर उघडणारी पायरी, गरम-थंड होणाऱ्या सीट, सगळं त्यातून वजा होतं. आणि हायब्रिडची मोटर-बॅटरीही. भरगच्च सजवलेल्या फोर-बाय-फोर हायब्रिडवर मी १,४०० च्या घरातले आकडे पाहिलेत. साध्या सजावटीच्या एक्सएलटी, मागच्या चाकांवर चालणाऱ्या हायब्रिडवर १,७००-१,८०० मिळतात. पहिल्यात तुमचं कुटुंब आणि ट्रेलर कायद्याने आणि पदार्थविज्ञानाने बसत नाही, दुसऱ्यात आरामात बसतं. यजमानांच्या व्ही-८ ची बाजू इथे भक्कम आहे: त्याच सजावटीत बिगर-हायब्रिड ट्रकवर सहसा जास्त आकडा असतो. शिवाय एकदा पिकअप दारात आला की मंडळाच्या गणपतीचं मखर, सतरंज्या आणि स्टेजच्या फळ्या तुमच्याच ट्रकमधून जाणार, हेही आत्ताच गृहीत धरा.

ट्रेलर लावल्यावर ॲव्हरेजचं काय होतं? व्ही-८ असो की हायब्रिड, दोघांचंही गॅलनला नऊ-दहा मैलांच्या आसपास येतं. भिंतीसारखा उभा ट्रेलर हवा कापत जातो, इंजिन सतत काम करतं, मोटरला उसंत मिळत नाही. फरक जाणवतो तो सुटताना. उभ्या जागेवरून, चढावर, बोट-रॅम्पवर मोटरचा टॉर्क पहिल्या क्षणापासून मिळतो. टर्बो फिरेपर्यंतचा तो जड क्षण नाहीसा होतो. हे सुख खरं आहे, फक्त त्याला पेट्रोलची बचत म्हणू नका.

उतारावर हायब्रिड बॅटरी भरून घेतं आणि ब्रेक वाचतात, असं सेल्समन सांगतो. अर्धं खरं आहे. ट्रक आणि ट्रेलर मिळून साडेपाच टन. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यातून, ११,००० फुटांवरून, डेन्व्हरकडे उतरायला लागलात तर पहिल्या एक-दोन मैलांत दीड युनिटची बॅटरी काठोकाठ भरते. त्यानंतर जुनाच उपाय: खालचा गिअर, इंजिन ब्रेकिंग, ट्रेलरचे ब्रेक. बॅटरी भरलेल्या हायब्रिडवर विसंबून उतार उतरणाऱ्यांचे जळके ब्रेक मी पाहिलेत, वासावरून कळतं. त्याच बोगद्याकडे चढताना मात्र यजमानांचा व्ही-८ मागे पडेल. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत चारशेतले तीनशेही हॉर्सपॉवर उरत नाहीत. टर्बोवाल्यांना याची झळ फार कमी लागते. तुमच्या सहली टेक्सासच्या हिल कंट्रीपुरत्याच असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

आता ज्यासाठी मी हायब्रिड घ्या म्हणतोय ती गोष्ट. पॉवरबूस्टच्या मागच्या हौद्यात विजेचे सॉकेट असतात. मुळात २.४ किलोवॅटचे मिळतात, जास्त पैसे मोजले तर ७.२ किलोवॅटचे, त्यात २४० व्होल्टचं ३० अँपिअरचं सॉकेटही येतं. ही कल्पना नवी नाही. जनरल मोटर्सने २००४ च्या सुमारास सिल्व्हराडो पिकअपचा एक अगदी सौम्य हायब्रिड काढला होता, त्यातही २.४ किलोवॅटचे सॉकेट होते. ॲव्हरेज जेमतेम वाढायचं, म्हणून तो फारसा खपला नाही, पण बांधकामवाल्यांना सॉकेट आवडायचे. फोर्डच्या खात्यात योगायोग मोठा पडला. पॉवरबूस्ट बाजारात येतो न येतो तोच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गारठलं, वीजपुरवठा कोलमडला, आणि लोकांनी नव्या ट्रकमधून घरात वायर ओढून हीटर लावले. फोर्डने इथल्या डीलरांना हे ट्रक गरजूंना वापरायला द्या असंही सांगितलं होतं. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला याचं मोल वेगळं समजावायला नको. बेरिलमध्ये ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, आणि जुलैतली ह्यूस्टनची उष्णता म्हणजे फ्रिजपेक्षा माणसांची काळजी.

७.२ किलोवॅटवर काय चालतं? फ्रिज, दिवे, पंखे, वाय-फाय, मायक्रोवेव्ह, खिडकीतला एक-दोन एसी सहज. घरचा सेंट्रल एसी चालू असताना चार-पाच किलोवॅटच घेतो, पण सुरू होताना जो झटका मारतो त्याने ट्रकचं सॉकेट ट्रिप होतं. त्यासाठी कंप्रेसरला सॉफ्ट स्टार्टर बसवून घ्यावा लागतो, तरी सगळ्याच एसींना जमेल असं नाही. टाकी ३०.६ गॅलनची आहे. पूर्ण ७.२ किलोवॅटने सलग ३२ तास चालतं असा फोर्डचा दावा आहे, आणि घरात सतत एवढं कुणी वापरत नाही. इंजिन हवं तेव्हा आपणच सुरू होतं, आपणच बंद होतं.

जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून ड्रायरच्या सॉकेटमध्ये खुपसणारे महाभाग आहेत, त्याने रस्त्यावरच्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. घर बाहेरच्या तारांपासून तोडून ट्रकला जोडणारा ट्रान्सफर स्विच लागतो, आणि तो न्यूट्रलही तोडणारा हवा. नेहमीचा स्वस्त स्विच बसवला तर घराच्या पॅनेलमधली न्यूट्रल-अर्थची जोडणी ट्रकच्या सुरक्षा सर्किटला गळती वाटते आणि सॉकेट लगेच बंद पडतं. लोक मग ट्रक खराब आहे म्हणून तक्रार करत येतात. ट्रक गॅरेजच्या बाहेर, उघड्यावर उभा करायचा. आत चालवला तर कार्बन मोनॉक्साइड.

हेच काम सुटा जनरेटरही करतो, तोही बराच स्वस्तात. पण वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चिकट होतं आणि वादळाच्या दिवशीच तो सुरू होत नाही, हे वर्कशॉपमध्ये दर उन्हाळ्यात बघतो. रोज चालणाऱ्या ट्रकचं तसं होत नाही. तुमच्याकडे जनरेटर सांभाळणारा हौशी माणूस असेल तर हा मुद्दा निम्मा होतो. शेजाऱ्यांच्या टुंड्राच्या हायब्रिडला ४०० वॉटचं सॉकेट आहे, त्यावर लॅपटॉप चालेल.

टुंड्राचा विषय निघालाच आहे तर विश्वासार्हतेचं बोलू. मे २०२४ मध्ये टोयोटाने २०२२-२३ च्या सुमारे १ लाख २ हजार टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स परत बोलावल्या. इंजिन बनवताना आत राहिलेला धातूचा कीस बेअरिंग खराब करू शकत होता. त्या यादीत हायब्रिड नव्हते. यावरून हायब्रिडचं इंजिन जास्त चांगलं असा अर्थ काही जण काढतात. तसं नाही. इंजिन अचानक बंद पडलं तर हायब्रिड मोटरवर थोडं अंतर रस्त्याच्या कडेला जाऊ शकतो, म्हणून तो सुरक्षेचा दोष धरला गेला नाही. इंजिन त्याच घराण्यातलं. फोर्डच्या साध्या टर्बोंनाही असंच: २०२१-२२ च्या २.७ आणि ३ लिटर इंजिनांच्या इनटेक व्हॉल्व्हसाठी २०२४ मध्ये नव्वद हजारांहून जास्त गाड्यांचा रिकॉल निघाला. थोडक्यात, हायब्रिडची बॅटरी मरेल या भीतीने रात्री जागणारे लोक चुकीच्या भागाकडे बघत असतात. फोर्ड हायब्रिड भागांना आठ वर्षं किंवा एक लाख मैलांची हमी देतो, टोयोटा बॅटरीला दहा वर्षं किंवा दीड लाख मैल. लिफ्टवर मी बघतो ते टर्बोच्या तेल-पाण्याच्या लाइन, दहा गिअरचा गोंधळलेला गिअरबॉक्स, कूलंटची गळती. टुंड्रासारख्या हवेवर थंड होणाऱ्या बॅटरीत मागच्या सीटजवळची जाळी कुत्र्याच्या केसांनी आणि चिप्सच्या चुऱ्याने तुंबते, तेवढी महिन्यातून एकदा पुसा.

मग यजमानांचा व्ही-८? मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू. टर्बो नाही, तापणारे पाइप कमी, इंजिनाभोवती हात घालायला जागा. गाडी बारा-पंधरा वर्षं ठेवणार असाल, वॉरंटी संपल्यावर स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करणार असाल, आणि रोजचं अंतर कमी असेल, तर मी तुम्हाला तोच सांगितला असता. तुमचं रोजचं अंतर कमी नाही आणि रस्ता गर्दीचा आहे, एवढ्यावर पारडं फिरतं.

माझी शिफारस: एक्सएलटी, मागच्या चाकांवर चालणारा, पॉवरबूस्ट, ७.२ किलोवॅटच्या सॉकेटसह, कारखान्यातून आलेलं टो पॅकेज, पॅनोरामा छत नको. ही गाडी डीलरच्या आवारात तयार मिळेलच असं नाही, कारण ते सजवलेल्या गाड्या मागवून ठेवतात. मागणी नोंदवून थांबायची तयारी ठेवा. ७.२ चं सॉकेट नंतर बसवता येत नाही, २.४ वाला घेऊन पुढे बघू असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. आवारात उभी असलेलीच घ्यायची झाली तर डिपॉझिट देण्याआधी दाराच्या खांबाचा फोटो मागवा. त्यावरचा वजनाचा आकडा १,६०० च्या खाली असेल तर ती गाडी सोडा. आणि तसं हायब्रिड मिळतच नसेल, तर व्ही-८ घ्या, ट्रान्सफर स्विच आणि एक चांगला इन्व्हर्टर जनरेटर घ्या, आणि दर दोन महिन्यांनी अर्धा तास तो चालवायचं काम यजमानांकडे द्या.

जुना पॉवरबूस्ट बघत असाल तर २०१७ च्या हार्वी वादळासारख्या पुरात बुडालेली गाडी ओळखायला शिका: सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, स्पेअर टायरच्या वरच्या बाजूला हात फिरवा. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, तिच्या केसिंगवर आणि नारिंगी केबलींच्या जोडांवर हिरवा-पांढरा गंज दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा सकाळच्या गर्दीतच जा. ताशी दहा-पंधरा मैलांवर इंजिन चालू-बंद होतानाचा हादरा आणि ब्रेकच्या शेवटच्या टप्प्यात मोटरकडून पॅडकडे होणारा बदल काहींना खटकतो, काहींना जाणवतही नाही. तो तुम्हाला रोज तासभर सोसायचा आहे, म्हणून गाडी यजमानांनी नव्हे, तुम्ही चालवा.